हळदीचे चार कोपरे

वासुकीच्या लग्नाची पत्रिका तिची धाकटी बहीण जननी काढणार, हे ठरलं तेव्हा वेंकूबाईंनी एकच विचारलं.

"वेळेवर छापून येईल ना? मग काढू दे. हत्ती काढ, मोर काढ, काय पाहिजे ते काढ."

"हत्ती नाही आत्या, मोर पण नाही. त्यावर काहीच काढणार नाही मी."

"काहीच नाही? मग ह्याला दोन वर्षांचं कॉलेज कशाला?"

ओट्यावर बसलेले आम्ही सगळे हसलो. जननीही हसली, पण मान तिरकी करून. ती अशी हसली की समजावं, हिच्या मनात सगळं आधीच ठरलेलं आहे.

वेंकूबाई ही मुलींच्या वडिलांची, सीतारामरावांची, थोरली बहीण. ओरत्तनाडूला दिलेली, पण माहेरी कार्य निघालं की महिनाभर आधी येऊन देवघर आणि स्वयंपाकघर दोन्ही ताब्यात घ्यायची. सीतारामराव वीज मंडळात नोकरीला. ऑफिसात साहेब, घरात बहिणीचा धाकटा भाऊ. मी त्यांचा शेजारी, बाळकृष्णराव. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, तरी आमच्या रस्त्यावरची, मेलवीधीतली मुलं काही मला सोडत नाहीत. जननी तर बोलायला लागली तेव्हापासून माझ्या ओट्यावर पाटी घेऊन बसायची. ती हत्ती काढायची तो पाटीच्या अगदी कोपऱ्यात, बोटभर. बाकी सगळी पाटी मोकळी.

"अग, एवढी पाटी उरली की," मी म्हणायचो.

"त्याला चालायला जागा नको, ड्रॉइंग-आजोबा?"

हे ऐकल्यावर तिला 'हत्ती मधोमध काढ' असं सांगणारा मी कोण?

त्या वर्षांत तंजावरात नव्या वस्तूंची एकदम गर्दी झाली होती. किराणा दुकानांत दोरीवर शांपूच्या पुड्या लोंबायला लागल्या, घराघरांतून केबलच्या तारा गेल्या. ह्या सगळ्या पुड्या, डबे, खोकी कुणीतरी बसून आखतं, हे कळल्यावर जननीनं बी.कॉम.चा नाद सोडला आणि जुन्या बस-स्टँडाजवळ, कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या कमर्शियल आर्टच्या वर्गात नाव घातलं. तिथे शिकवायला प्राध्यापक थोडे आणि कामाची माणसं जास्त. एकदा एक फोटोग्राफर आला, एकदा साबणाची खोकी बनवणारा. दर शनिवारी मात्र तिरुच्चीहून प्रतापसिंह यायचे. मूळचे तंजावरचेच, आपल्या मराठी बोलणाऱ्या लोकांतले. मद्रासला जाहिरात कंपनीत पुष्कळ वर्षं काढून आता तिरुच्चीत स्वतःचं ऑफिस टाकलेलं.

प्रतापसिंहांनी वर्षाच्या शेवटच्या कामाला एकच अट घातली होती. जननीनं ती त्यांच्याच आवाजात मला करून दाखवली.

"भिंतीला टाचायचं चित्र मला नको. कुणाच्या तरी खऱ्या गरजेचं काम करा. ते छापलं पाहिजे, लोकांच्या हातात गेलं पाहिजे. घराबाहेर पडलं नाही तर मार्क नाहीत, आणि मार्क नाहीत तर दुसरं वर्ष नाही."

"मग तू काय करणार?"

"अक्काची पत्रिका. आपल्या घरची म्हणजे नक्की बाहेर पडणार की!"

म्हणून ती पत्रिका घरची होती, आणि परीक्षेचीही.

छपाई गुरुराजच्या प्रेसमध्ये, दक्षिणवीधीत. गुरुराज बी.एस्सी. झालेला, बापाचा प्रेस चालवणारा, बोलका माणूस. त्यानं नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. त्या खोलीत चपला काढून जायचं. कॉम्प्युटरला प्लास्टिकचं पांघरूण, त्याला स्वतःचा पंखा. गुरुराजला पंखा नव्हता. जननी तिथे दुपारभर बसायची आणि संध्याकाळी येऊन नवीन काय शिकली ते मला सांगायची. पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग हे सख्खे भाऊ नाहीत, चुलत आहेत, हे वाक्य गुरुराजचं.

पत्रिका छापून आली तेव्हा ती सुंदरच होती. दोन पोस्टकार्डं शेजारी शेजारी ठेवावीत एवढी लांब, जाड, दुधावरच्या सायीच्या रंगाची. डावीकडे वरच्या कोपऱ्यात वासुकी आणि प्राणेश, वधू आणि वर. उजवीकडे वर कल्याण मंडपाचा, म्हणजे लग्नाच्या कार्यालयाचा पत्ता. डावीकडे खाली घरच्या थोरांची नावं. उजवीकडे खाली दिवस आणि मुहूर्त. तमिळ आणि इंग्रजी, दोन्ही बारीक आणि स्वच्छ अक्षरांत, लाल मातीच्या रंगात. आणि मधे काही नाही. चारी कोपऱ्यांतली माणसं अंगण मोकळं ठेवून भिंतीला टेकून बसल्यासारखी.

सीतारामरावांनी ती हातात धरून लांब नेली, जवळ आणली.

"इथे अस्के, सगळेच्या सगळे काका आणि मामा बसले असते ग," ते मधल्या जागेवर हात फिरवत म्हणाले.

"ते मंडपात बसतील, अप्पा."

प्रतापसिंहांनी नमुना पाहून "ही जागा सांभाळ" एवढंच म्हटलं होतं. त्यावर ती दोन दिवस हवेत होती.

शुक्रवारी सकाळी पत्रिकांना हळद लावायचा मुहूर्त होता. आमच्याकडे हळद लागल्याशिवाय पत्रिका उंबरा ओलांडत नाही. नुसता कागद हातात ठेवला तर घेणारा माणूस विचारात पडतो, हे लग्नाचं आहे की दुसरं काही? म्हणून चारी कोपऱ्यांना ओल्या हळदीचं बोट, त्यावर कुंकवाचा ठिपका. पहिली पत्रिका देवाला, मग बाकीच्या. आणि ही चार बोटं कशी, तर आमच्या वेंकूबाईंची. त्यांचं बोट म्हणजे चांगला रुपयाएवढा शिक्का.

देवघरापुढे चटई टाकली होती. वाटीत हळद कालवलेली. घरातल्या आणि शेजारच्या सुवासिनी गोल बसल्या. जननी पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आत्याच्या शेजारी, मी आणि सीतारामराव दाराशी. वेंकूबाईंनी पहिली पत्रिका मांडीवर घेतली, डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

वासुकी आणि प्राणेश दोघेही दिसेनासे झाले.

वेंकूबाईंच्या ध्यानात आलं नाही. त्यांचा हात सवयीनं चालला होता. दुसरं बोट मंडपावर, तिसरं थोरांवर, चौथं मुहूर्तावर, आणि प्रत्येकावर कुंकू. मग त्यांनी पत्रिका देवापुढे धरली, डोळे उघडले आणि तशाच थांबल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "लिहिलेलं कुठे गेलं?"

सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या. पत्रिकेच्या मधोमध वीतभर मोकळी जागा, तिच्यावर हळदीचा एक शिंतोडाही नाही. आणि लग्नाची म्हणून जी जी माहिती, ती नेमकी चार पिवळ्या डागांखाली.

"मुलगी हळदीच्या दिवसाआधीच हळदीला बसली ग," शेजारच्या ताराबाई म्हणाल्या, आणि खोलीत जो हशा उठला तो काही केल्या आवरेना. आतून वासुकी पळत आली, आपलं नाव शोधायला लागली आणि तीही भिंतीला धरून हसायला लागली.

"मुहूर्त कधी म्हणून विचारलं तर काय सांगू?" सीतारामराव म्हणाले. "हळद खरवडून बघा म्हणून?"

जननी हसत नव्हती. गठ्ठ्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"आत्या, हळद मधे लावली तर?"

"मधे?" वेंकूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं कुंकू हनुवटीला लावायला सांगितलं. "चार कोपरे म्हणजे चार दिशा, कण्णा, बाळा. मधे एक डाग घालून लोकांच्या घरी पाठवू? काय सांडलं म्हणून विचारतील."

"थोडी थोडी लावा. टिकलीएवढी."

"माझं बोट लहान करून आण मग."

पुन्हा हशा. पण सीतारामरावांना आता काळजी वाटायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्यांना पापनाशमला जायचं होतं, तिथल्या नातेवाइकांना पत्रिका द्यायला. ते उठले.

"पत्रिकांच्या दुकानात आल्बम असतो. गणपती छापलेली तयार कार्डं. नावं घालून उद्या सकाळी देतात. मी जाऊन येतो."

"अप्पा, मग माझी?"

"तुझी पण छान आहे ग. ठेवू या घरात. फ्रेम करू."

ही फ्रेम म्हणजेच तर तिच्या वर्षाचा शेवट होता. घरातल्या भिंतीवर गेली की मार्क गेले. तिचा चेहरा बघून वेंकूबाईंनी वाटी खाली ठेवली.

"सीतू, एवढी घाई काय? दुकान कुठे पळत नाही. दिवा लागेपर्यंत वेळ दे तिला. तोवर काही जमलं तर जमलं."

"सरि, सरि, थांबतो," सीतारामराव म्हणाले. "पण मजकूर तरी दाखवून ठेवतो दुकानात." आणि गठ्ठ्यातली एक बिनहळदीची पत्रिका उचलून त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात घालायला घेतली. ती मावेना. उभी घातली, आडवी घातली. शेवटी त्यांनी ती मधोमध दुमडली, नखानं घडी दाबली आणि खिशात सारली.

जननीनं माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर पाहिजे होतं.

"मघाशी काय झालं ते मला पहिल्यापासून सांग," मी म्हणालो.

"आत्यानं पत्रिका घेतली. मांडीवर ठेवली. कोपऱ्यांना हळद लावली."

"तू आखलीस तेव्हा पत्रिका कुठे होती?"

"पडद्यावर. मग टेबलावर."

"कुणाच्या हातात?"

सीतारामराव दाराशी चपला घालायला वाकले, आणि तिची नजर त्यांच्या खिशावर गेली. खिशातून दुमडलेली पत्रिका अर्धी बाहेर आली होती. पाठची बाजू वर. सायीच्या रंगाची, कोरी, दोन स्वच्छ कोपऱ्यांची.

"अप्पा, हलू नका!"

सीतारामराव एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले. जननीनं त्यांच्या खिशातून पत्रिका काढली, हातात धरली, उलटी केली, सुलटी केली. उघडली. मिटली.

"ड्रॉइंग-आजोबा, आता हिला किती कोपरे?"

"तू मोज."

"चार! कोरे चार!" आणि पत्रिका उघडून, "मजकूर अस्का, सगळा आत. घडी मोकळ्या जागेतनं गेली. एक अक्षर मोडलं नाही!"

तिनं ती मला दिली, आणि तेव्हा मला दुसरी गोष्ट दिसली. घडीवर कागद फुटला होता. सायीचा रंग उकलून आतला खरबरीत पांढरा दिसत होता, जणू वाळलेली पोळी दुमडली आहे.

"अशी मी नेणार नाही हां," सीतारामराव एका चपलेत उभे राहून म्हणाले. "फाटकी वाटते."

आम्ही सायकलरिक्षा करून दक्षिणवीधीला गेलो. मांडीवर गठ्ठा, आणि जननी सारखी म्हणत होती, "जोरात, अण्णा, जोरात," आणि रिक्षावाला म्हणत होता, "आजोबा आहेत की नाही बसलेले?"

गुरुराज पाकिटांचा कागद कापायला काढत होता. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला.

"पाकिटं अजून कापली नाहीत, हे बरं झालं. पण ही घडी नाही जमायची. बघ."

त्यानं एका वाया गेलेल्या कार्डातून दोन पट्ट्या कापल्या, एक उभी आणि एक आडवी. सारख्याच लांबीच्या. दोन्ही टेबलाच्या कडेला धरल्या. एक ताठ राहिली, दुसरीनं मान टाकली.

"एकच कागद," जननी म्हणाली.

"एकच कागद. पण त्यातले तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. त्यांच्या बाजूनं दुमडलं तर ते कुरकुरत नाहीत. तू त्यांच्या आडवी जातेस. मोडतात."

शाळेत कागदावर एवढी वर्षं काढली आणि हा खेळ मी मुलांना कधी दाखवला नव्हता. मी त्या दोन पट्ट्या मागून घेतल्या, खिशात ठेवल्या.

"आडवंच दुमडायचं असेल तर?" जननीनं विचारलं. "दुसरा काही इलाज नसेल तर?"

गुरुराजनं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मागच्या खोलीत त्याच्या वडिलांचं पायानं चालवायचं जुनं मशीन होतं. ऑफसेट आल्यापासून त्यावर फक्त बिलबुकांचे नंबर पडायचे. त्यात अक्षरांऐवजी बोथट धारेची लोखंडी पट्टी बसवली की ती कागदाला कापत नाही, नुसती दाबून खोबण पाडते. खोबण असली की घडीला वळायला वाट मिळते.

पहिल्या कार्डाला दाब जास्त झाला. कार्डाची दोन झाली. दुसऱ्याला कमी झाला, पुन्हा फुटलं. गुरुराजनं पट्टीखाली पातळ कागद सरकवला, काढला, दुसरा सरकवला. जननी त्याच्या कोपराशी उभी राहून बघत होती, आणि तो बोलत होता, हे का, ते का, आणि बोलता बोलता त्यानं तिसरं कार्ड काढून तिच्या हातात दिलं.

तिनं हळूच दुमडलं. दार मिटल्यासारखं मिटलं. घडीवर एक रेष नाही.

"आता तू चालव," गुरुराज म्हणाला.

"मी?"

"मग मी शिकतोय का?"

पाय मशीनच्या पट्टीवर ठेवून ती सुरुवातीला लंगडत होती. थोड्या वेळानं पाय आणि हात एकमेकांना ओळखायला लागले. मशीन ठक-ठक करत राहिलं. मी दुमडत बसलो. गुरुराज नव्या मापाची पाकिटं कापत बसला आणि मधूनच ओरडायचा, "बोटं सांभाळ! बोटं आत्याची कामाची आहेत, तुझी पण लागतील!"

दिवा लागायच्या वेळेला आम्ही घरी पोचलो. वेंकूबाई निरांजनाची वात करत होत्या. जननीनं काही न बोलता एक मिटलेली पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली.

वेंकूबाईंनी ती उलटून पालटून पाहिली. "ह्यावर तर काहीच नाही ग."

"तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय, आत्या."

वेंकूबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाटी ओढली, सकाळची हळद पुन्हा ओली केली आणि बोट टेकवलं. एक कोपरा. दुसरा. तिसरा. चौथा. वर कुंकू. सायीच्या रंगावर ती चार पिवळी बोटं अशी उमटली की बाकी कशाचीच गरज वाटेना. मग त्यांनी जपून पत्रिका उघडली. आत वासुकी होती, प्राणेश होता, मंडप होता, थोर होते, मुहूर्त होता.

"सीतू," त्यांनी हाक मारली, "त्या गणपतीवाल्याला सांग, नको म्हणून. आता ही मंगल दिसते." आणि पहिली पत्रिका देवापुढे ठेवून त्यांनी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीतारामराव पापनाशमला गेले. मग तिरुवैयारु झालं, ओरत्तनाडू झालं. पत्रिका घरोघर पोचल्या. काही लोक ती हातात घेऊन म्हणाले, आधी वाटलं छापायचं राहिलं. मग उघडली आणि हसले. तिरुवैयारुच्या एका मामींनी म्हणे ती देवघरातच ठेवली आणि मुहूर्त विसरल्यावर फोन करून विचारला.

लग्न थाटात झालं. त्यानंतरच्या शनिवारी वर्गाचं प्रदर्शन होतं. घरातून आम्ही सगळे गेलो, कापडाच्या दुकानावरचा जिना चढून. मुलांनी पांढऱ्या तावांवर आपापली कामं लावली होती. प्रत्येक तावाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात मार्कांसाठी एक चौकट आखलेली.

जननीच्या तावावर पत्रिकाच नव्हती.

"सगळ्या गेल्या, सर," ती प्रतापसिंहांना म्हणाली. "घरात एक उरली नाही. एक देवाची होती, ती आत्या देत नाही."

"म्हणजे बाहेर पडली," प्रतापसिंह म्हणाले आणि शबनम पिशवीतून एक पाकीट काढलं. सीतारामरावांनी त्यांनाही पत्रिका पाठवली होती. त्यांनी ती तावाच्या वरच्या कडेला मिटलेलीच टाचली. पाकिटात हळद झडली होती, त्यांच्या बोटांना लागली.

"हा पिवळा कुठल्या शाईचा? नमुन्यात नव्हता."

"तो माझा नाही, सर. तो आत्याचा."

"मग नाव लिही तिचं. ज्यानं जे केलं त्याचं नाव काम दाखवताना लिहायचं. ऑफिसात हेच पहिलं शिकवतो मी."

जननीनं पेन घेतलं. 'आखणी: जननी. छपाई: गुरुराज. पिवळा रंग: वेंकूबाई.' तमिळ अक्षरांत लिहिलं, आत्याला वाचता यावं म्हणून.

वेंकूबाईंनी ते वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. पदराच्या गाठीतून त्यांनी हळदीची पुडी काढली. कुठेही जाताना ती त्यांच्याजवळ असायचीच. पाण्याचा पेला मागितला, बोट ओलं केलं आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या भल्या मोठ्या तावाच्या चारी कोपऱ्यांना हळद लावून मोकळ्या झाल्या. चौथं बोट बरोबर मार्कांच्या चौकटीवर.

"आत्या!"

"काय आत्या? नाव घातलंस ना माझं? मग हळद नको?"

वर्गातली मुलं हसत होती. प्रतापसिंह पेन उघडून त्या पिवळ्या चौकटीसमोर उभे होते. मग त्यांनी तावावर नजर फिरवली. जननीनं सवयीप्रमाणे मजकूर कडेला घेतला होता आणि मधे भरपूर मोकळी जागा सोडली होती.

त्यांनी तिथे, अगदी मधोमध, मोठ्या आकड्यांत मार्क लिहिले.

"इथे बसले," ते म्हणाले.